संशयाच्या आधी ओळख : विमुक्तांची वस्ती आणि पोलीस ठाणे यांच्यातील व्यवहार कसा करावा

गावात रात्री घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांची गाडी आधी गावाबाहेरच्या पालांकडे वळते, हे पारधी, कैकाडी, वडार, कंजारभाट किंवा रामोशी वस्तीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, तेव्हा काही जातींत धंदा जसा बापाकडून मुलाकडे जातो तसाच गुन्हाही रक्तातून पुढे जातो, असे त्यात गृहीत धरले होते. पुढे १९११ च्या कायद्याने हे जोखड मुंबई इलाख्यावरही आले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, उभी राहिली, आणि जन्माला आलेले मूल कोणताही अपराध न करता हजेरीच्या वहीत जाऊ लागले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मात्र वही बंद झाली तरी नजर बदलली नाही. भोसले, काळे, पवार, चव्हाण ही आडनावे पारध्यांत आहेत तशीच मराठ्यांतही आहेत, आणि म्हणूनच नाकाबंदीवर आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न येतो, “कोणता काळे?” त्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची वागणूक ठरते.

वस्तीवरचे शिकलेले मुलगे-मुली, तिथे शिकवणारे शिक्षक, गावातले पोलीस पाटील आणि मदतीला धावणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहिले आहे. गेली अनेक वर्षे मी अशा कुटुंबांबरोबर ठाण्याच्या पायऱ्या चढतो आहे. तेवढ्या काळात माझे एक मत पक्के झाले आहे : अडचणीच्या दिवशी उपयोगी पडते ते आधी झालेली ओळख आणि आधी झालेली लेखी नोंद, बाकी सगळे त्यानंतर.

काहीही घडलेले नसताना ठाण्यात जा

ठाण्यात जायचे ते कोणाला उचलल्यावरच, असा वस्तीचा अनुभव असतो आणि त्यामुळे ठाणे अंमलदार वस्तीला ओळखतो तो फक्त गुन्ह्याच्या निमित्ताने. ही साखळी तोडायची असेल तर शांततेच्या दिवसांत, शक्यतो नवे पोलीस निरीक्षक रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात, त्यांना भेटायला जावे. तीन-चार माणसे पुरेत, मात्र त्यांत एक वयस्क बाई, एक शिकलेला तरुण आणि शाळेचे शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्य यांपैकी कोणी एक असावे. बरोबर एका पानाचे पत्र न्यावे, ज्यात वस्तीवर किती कुटुंबे आहेत, ती कशावर पोट भरतात, मुले कोणत्या शाळेत जातात आणि काही कारण पडल्यास ठाण्याने कोणाला फोन करावा, हे साध्या भाषेत लिहिलेले असेल. पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक प्रत आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती पोच म्हणून जपून ठेवावी.

इथे एक शंका येईल, आणि ती मी हलकी मानत नाही. आपणहून नावे देणे म्हणजे जुनी हजेरी पुन्हा ओढवून घेणे नव्हे का? हजेरी सक्तीची होती, ती माणसागणिक होती, आणि तिची प्रत देणाऱ्याच्या हाती कधी राहत नसे. तुम्ही देता ते पत्र ऐच्छिक आहे, वस्तीच्या नावाने आहे आणि त्याची पोच तुमच्याकडे आहे. एवढा फरक राखायचा असेल तर पत्रात कोणाच्या बोटांचे ठसे, फोटो किंवा आधार क्रमांक देऊ नयेत. तसा आग्रह झालाच, तर कोणत्या आदेशाने मागता ते लेखी द्यावे, अशी नम्र विनंती करावी.

जे फिरस्ते आहेत, म्हणजे नाथपंथी डवरी गोसावी, बहुरूपी किंवा जोशी, त्यांच्यासाठी तर नव्या गावात शिरतानाच पोलीस पाटील आणि ठाणे यांना कळवणे जिवाच्या मोलाचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या पाच डवरी गोसाव्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. तिथे संशय गावकऱ्यांचा होता, पोलिसांचा नव्हता. अशा वेळी पोलीस पाटलाच्या वहीतली एक ओळ आणि त्याने गावाला दिलेला एक फोन यांचे वजन फार असते.

बोलण्याचा प्रश्न इथेच सुरू होतो. “साहेब” म्हणण्यात कमीपणा नाही, मात्र पाया पडू नये. समोर खुर्ची असेल तर “बसू का साहेब?” असे विचारून बसावे, उकिडवे जमिनीवर बसू नये. माझ्या ओळखीच्या एका आजी पहिल्या भेटीत खुर्ची सोडून दारात बसल्या होत्या. दुसऱ्या भेटीत त्यांच्या नातीने हात धरून त्यांना खुर्चीवर बसवले आणि त्या दिवशी अधिकाऱ्याने त्यांना “मावशी, तुम्ही” असे म्हटले. त्यात अधिकाऱ्याच्या चांगुलपणाचा वाटा असेलही, पण माणूस खुर्चीवर बसला की त्याला अरे-तुरे करणे जरा अवघड जाते, असे मला अनेकदा दिसले आहे.

कागदांची पेटी

झडतीच्या वेळी सर्वांत जास्त अन्याय होतो तो बायकांच्या अंगावरच्या दागिन्यांवरून. लग्नातले डोरले, चांदीचे कडे, बचत करून केलेली कानातली फुले यांची पावती नसली की तोच “चोरीचा मुद्देमाल” ठरू शकतो. म्हणून सराफाकडून, मग तो तालुक्याचा छोटा सोनार का असेना, नाव, वजन आणि तारीख असलेली पावती घ्यायचीच. जुन्या दागिन्यांचे लग्नातले फोटो सापडत असतील तर तेही ठेवावेत. मोटारसायकल, मोबाइल आणि शेळ्या-बोकडांच्या खरेदी-विक्रीच्या पावत्याही याच पेटीत असू द्याव्यात.

ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांनी मुकादमाकडून उचल घेतल्याचा कागद आणि कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या फेकून देऊ नयेत. चोरी झाली त्या रात्री माणूस शंभर कोसांवरच्या फडात होता, हे सांगणारा तोच एक निर्विकार साक्षीदार असतो.

मुलांची शाळेतली नोंद याहून मोलाची आहे. पालावर जन्मलेल्या कित्येक मुलांचा जन्मदाखला नसतो. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला पहिल्या क्रमांकाच्या पुराव्यांत स्थान आहे. दाखला नसला तर सोळा वर्षांचा मुलगा कागदावर एकोणीस वर्षांचा होऊन कोठडीत जाऊ शकतो. दाखला असेल तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते.

जातीच्या दाखल्याबाबत एक गल्लत सर्रास होते, आणि नेमक्या वेळी ती महागात पडते. महाराष्ट्रात फासे पारधी अनुसूचित जमातीत आहेत, म्हणून त्यांना अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण आहे. राज पारधी, रामोशी, वडार, कंजारभाट हे राज्याच्या विमुक्त जाती प्रवर्गात येतात, आणि त्या प्रवर्गाला हा कायदा लागू नाही. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत, इतरत्र विमुक्तांत. तुमच्या कुटुंबाच्या दाखल्यावर नेमके काय लिहिले आहे ते आजच वाचून ठेवा.

गाडी आली तर

पळू नये. हे सांगताना मला जड जाते, कारण पळण्यामागे पिढ्यांची भीती आहे. तरीही पळणाऱ्याची पाठ हाच त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा म्हणून लिहिला जातो, आणि मग त्याच्या मागे राहिलेल्या बायका-मुलांवर दबाव येतो. हात दिसतील असे उभे राहावे, आवाज चढवू नये, आणि वस्तीवर ठरवलेल्या एकानेच बोलावे. दहा जण एकदम बोलू लागले की त्याला गोंधळ म्हणतात, आणि गोंधळाचे “सरकारी कामात अडथळा” व्हायला वेळ लागत नाही.

बोलणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा : “साहेब, कोणत्या ठाण्याचे आणि कोणत्या गुन्ह्यात?” कलम विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (अटक, झडती, तपास यांच्या रीतीचा कायदा) कलम ३६ सांगते. स्थानिक गुन्हे शाखेचे लोक बऱ्याचदा साध्या कपड्यांत आणि खासगी गाडीतून येतात, म्हणून गाडीचा क्रमांक, वेळ आणि किती जण आले ते एका मुलीने वहीवर लिहून घ्यावे.

नुसतेच “चौकशीला चला” म्हटले जात असेल, तर नोटीस मागावी. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आवश्यक नसेल, तर पोलिसांनी याच संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्यायची असते. नोटीस पाळणाऱ्याला कारणे लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात स्पष्ट केले आहे. साक्षीसाठी बोलवायचे असेल, तर कलम १७९ प्रमाणे स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुले, साठीपुढचे पुरुष, अपंग आणि आजारी यांना त्यांच्या राहत्या ठिकाणाबाहेर यायला सांगता येत नाही. नवरा सापडत नाही म्हणून बायकोला ठाण्यात बसवून ठेवणे कोणत्याच कलमात बसत नाही. हे शांतपणे, त्याच शब्दांत सांगावे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची असेल, तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी या तिन्ही गोष्टी लागतात.

अटकच झाली, तर अटकेचा पंचनामा जागेवर झाला पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही लागते. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने घालून दिलेली ही शिस्त आता कायद्यातच आली आहे. वेळ बरोबर लिहिली आहे का, एवढे तरी वाचून मगच सही किंवा अंगठा द्यावा, कारण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या चोवीस तासांचे मोजमाप त्या वेळेपासून सुरू होते.

झडतीसाठी त्याच भागातले दोन स्वतंत्र पंच हवेत. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आता बंधनकारक आहे, आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घरमालकाला मिळायला हवी. त्या यादीत “पिवळ्या धातूचे दागिने” एवढेच न लिहिता प्रत्येकाचे वर्णन आणि अंदाजे वजन लिहिण्याचा आग्रह धरावा. पेटीतली पावती त्याच वेळी दाखवावी आणि “पावती दाखवली” असे पंचनाम्यात लिहून घ्यावे. स्त्रीच्या अंगाची झडती दुसरी स्त्रीच घेईल.

माणूस ठाण्यात असताना

“आमच्याकडे नाहीच,” असे उत्तर मिळाले तर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करावा. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमलेला असतो आणि ती माहिती दर्शनी जागी लावायची असते. पोलीस अधीक्षकांच्या ईमेलवर नाव, नेल्याची वेळ आणि गाडीचा क्रमांक लगेच पाठवावा. तो ईमेल पुढे उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला हजर करा, अशी याचिका) करायची वेळ आली तर पहिला कागद ठरतो. त्याच वेळी १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. कोठडीतल्या माणसाला, स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पूर्ण वेळ नसला तरी.

जबाबाबद्दल दोन गोष्टी घरोघर सांगून ठेवाव्यात. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, आणि कोऱ्या कागदावर तर कोणत्याही कारणाने नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. मात्र त्या कबुलीतून वस्तू “काढून दिली” असे दाखवले गेले, तर तेवढा भाग चालतो, आणि म्हणूनच रिकव्हरीसाठी मारहाण होते. पारधी घरांत वाघरी बोलली जाते आणि म्हाताऱ्यांना सरकारी मराठी पूर्ण कळत नाही, तेव्हा जे लिहिले ते त्यांच्या भाषेत समजावून सांगावे, अशी विनंती करावी.

न्यायदंडाधिकारी पहिल्या हजेरीत विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” भीतीने बहुतेक जण मान हलवतात. पुढे सहा महिन्यांनी मारहाणीची गोष्ट सांगितली, तर ती पश्चातबुद्धी मानली जाते. जे घडले ते त्या क्षणी, एका वाक्यात, मार कुठे लागला आहे ते दाखवून सांगावे. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीतही डॉक्टरांना तेच सांगावे आणि अहवालाची प्रत मागावी.

पाच किंवा अधिक नावे एकत्र आली की जबरी चोरीचा दरोडा होतो. “दरोड्याच्या तयारीत असताना पकडले” हा मथळा आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. अशा गुन्ह्यात नोटिशीचे संरक्षण उरत नाही, म्हणून तिथे एक दिवसही न दवडता वकील गाठावा.

तक्रार तुमची असेल तेव्हा

जमीन बळकावली, पाले जाळली, मुलीची छेड काढली, अशा वेळी वस्ती फिर्यादी असते, आणि तिथेच ठाण्याची खरी परीक्षा होते. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे माहिती नोंदवून घ्यावीच लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. दखलपात्र गुन्ह्याला अदखलपात्र म्हणून एनसीवर परत पाठवले, तर तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी, आणि तेवढ्यानेही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अॅट्रॉसिटी कायदा लागू असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही, तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, आणि जो लोकसेवक फिर्याद लिहून घेण्यात जाणूनबुजून कसूर करतो त्याच्यावर कलम ४ खाली कारवाई होऊ शकते. हे कलम धमकी म्हणून वापरू नये. अर्जात शेवटी त्याचा साधा उल्लेख पुरतो.

ठाण्यात बसलेल्यांसाठी

बीटच्या हवालदारावर गावाचा, पत्रकारांचा आणि वरिष्ठांचा किती दाब असतो, हे मी जवळून पाहिले आहे. गुन्हा उघडकीस आला नाही तर त्याला जाब द्यावा लागतो आणि वस्ती हा सर्वांत जवळचा, सर्वांत दुबळा दरवाजा असतो. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात हिस्ट्री शीटमध्ये (पोलिसांनी ठेवलेल्या संशयितांच्या नोंदीत) केवळ जातीमुळे किंवा गरिबीमुळे निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे येऊ नयेत असे बजावले. ऑक्टोबरमध्ये सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांतल्या जातिभेदाच्या नियमांवर निकाल देताना विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार आणि अमानतुल्ला खान निकालांतील निर्देश पाळावेत, असे पोलिसांना सांगितले.

वस्तीवर दिवसा जावे, गणवेशात जावे आणि पहिला शब्द “अहो” असावा. पालाबाहेर उभे राहून हाक मारावी, कनात उचलू नये, कारण तेच त्या कुटुंबाचे दार आहे. लहान मुलांदेखत बापावर हात उचलू नये. चौकशी करून माणूस सुटला, तर त्याला सुटल्याचा कागद द्यावा आणि गावाच्या पोलीस पाटलालाही कळवावे, नाहीतर गावाच्या लेखी तो चोरच राहतो. महाराष्ट्र पोलिसांच्या ब्रीदवाक्यात सद्रक्षण आधी आहे आणि खलनिग्रह नंतर, आणि ज्या अधिकाऱ्यांनी हा क्रम वस्तीवरही पाळला त्यांना पुढे खरी माहितीही वस्तीनेच आणून दिली, हे मी स्वतः पाहिले आहे.

चूक झालीच असेल तर

मारहाण किंवा बेकायदा डांबून ठेवणे घडले असेल, तर पहिला अर्ज सीसीटीव्हीचा करावा. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने ठाण्यांतील चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसल्यास किमान वर्षभर, जपायला सांगितले आहे. तारीख, वेळ आणि जागा, म्हणजे कोठडी, व्हरांडा की डीबीची (गुन्हे शोध पथकाची) खोली, लिहून “चित्रण नष्ट करू नये” असा अर्ज ठाण्याला व अधीक्षकांना द्यावा आणि पोच घ्यावी. त्यानंतर राज्य किंवा विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग यांच्याकडे जाता येते. कोठडीत मृत्यू झाला, तर न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी कायद्यानेच लागते, त्यासाठी कोणाची मेहरबानी मागावी लागत नाही.

हे सगळे कागद पालावर टिकत नाहीत. पाऊस येतो, वारा येतो, आणि कधी माणसेच पाल पेटवतात. म्हणून पेटीतल्या प्रत्येक कागदाचा फोटो दोन वेगवेगळ्या फोनमध्ये ठेवावा, आणि छायाप्रतींचा एक संच शाळेच्या गुरुजींच्या किंवा ओळखीच्या वकिलाच्या घरी, पक्क्या छपराखाली, आजच नेऊन द्यावा.